सात माणसं, दोन खोल्या आणि साथीची भीती

ताई, तुम्ही लिहिलेलं सगळं नीट वाचलं. दारव्ह्याजवळच्या खेड्यात दोन खोल्या, एक पडवी आणि त्यात सात माणसं. सासूबाईंना शुगर, सासऱ्यांना दमा. मिस्टर बुधवारच्या बाजारात भाजीचं दुकान लावतात, तुम्ही निंदणाला जाता आणि एका मॅजिक गाडीमध्ये १५ बाया बसतात. २०२१ मध्ये घरातले चुलत सासरे गेले. तेव्हापासून टीव्हीवर कोरोनाचा ‘नवा व्हेरियंट’ एवढं ऐकू आलं की तुम्ही भाजी साबणाने धुता, नोटा दोरीवर वाळत घालता, मिस्टरांना अंगणातच आंघोळ करायला लावता आणि रात्री तुमचा डोळा लागत नाही. शेवटी विचारलंय, “मॅडम, आणखी काय करू?”

आणखी काही करू नका. जे करताय त्यातलं अर्ध्याहून जास्त सोडून द्या, म्हणजे जे खरंच करायला हवं त्यासाठी हात मोकळे होतील. यवतमाळ जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मी २४ वर्षं काढली, त्यातली दोन कोरोनाची. वावरातलंच उदाहरण घ्या. रानडुकरं येतात नाल्याकडून आणि आपण काट्या लावतो रस्त्याच्या बाजूने. वर रात्रभर जागल करून सकाळी म्हणतो, एवढी राखण केली तरी पीक गेलंच कसं! २०२० मध्ये आमचं नेमकं हेच झालं, आणि त्यात मीही होते.

त्या एप्रिल-मेमध्ये पुण्या-मुंबईकडून, हैदराबादकडून पोरं गावाकडे परतत होती. आम्ही त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवायचो. दारातच त्यांच्या बॅगांवर औषध मारून घ्यायचे मी. चपला उन्हात, मोबाइल पुसायचा, डबा घेऊन आलेल्या मायने फाटकाबाहेर ठेवून मागे सरायचं. कोणी कोणाच्या बॅगेला हात लावला तर मी ओरडायचे. आणि रात्री? रात्री एका वर्गात १८ जण झोपायचे, डास येतात म्हणून खिडक्या बंद करून. खिडक्या बंद ठेवा हेही मीच सांगितलं होतं, डेंगीच्या धाकाने. एकाला ताप आला, आठवड्याभरात त्याच वर्गातल्या आणखी सात जणांना. शेजारच्या वर्गाची दोन तावदानं फुटलेली होती, तिथे मात्र एकच. हे काही संशोधन नव्हे, योगायोगही असेल. पण मला आजही तो वर्गच आठवतो, त्या बॅगा नाही.

वस्तूंची भीती आली कुठून, तेही सांगते, कारण ती अगदीच बिनबुडाची नव्हती. २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत मोजलं की हा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत सापडतो, स्टीलवर ४८, पुठ्ठ्यावर २४. ते आकडे जगभर फिरले आणि दुधाची पिशवी, पेपर, नोट, कुलूप सगळंच विषारी वाटायला लागलं. पण प्रयोगात विषाणू मुद्दाम ठेवला होता, भरपूर ठेवला होता आणि वर ऊन-वारा नव्हता. वर्षभराने, एप्रिल २०२१ मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हिशेब मांडला की दूषित वस्तूला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहून कमी आहे. म्हणून भाजी साध्या पाण्याने धुवा, एरवी धुता तशी. साबण पालकाच्या पानात राहतो आणि पोट बिघडवतो. बाजारातून आल्यावर मिस्टरांनी साबणाने हात धुवावेत, तेवढं बास. या विषाणूवर चरबीचं पातळ आवरण असतं, साबण ते फोडतो. शिवाय हात धुण्याने हगवण टळते, टायफाइड टळतो. कोरोना असो नसो, हात धुवाच.

औषध फवारणीबद्दल तर मला चीड आहे. काही गावांत कापसावरच्या फवारणीचेच पंप घेऊन हायपोक्लोराइट हे जंतुनाशक मारत फिरले, माणसांच्या अंगावरसुद्धा. आपल्या जिल्ह्याने २०१७ मध्ये कीटकनाशकाच्या फवारणीत वीसहून जास्त माणसं गमावली आहेत. फवारा नाकातोंडात गेला की काय होतं हे यवतमाळला कोणी शिकवावं? मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्ट सांगितलं की रस्त्यावर औषध मारून उपयोग नाही आणि माणसावर तर कधीच मारू नये. उद्या पुन्हा कोणी पंप घेऊन आलं तर पोरांना आत घ्या.

आता नाल्याची बाजू.

पावसाळ्यात ओली लाकडं चुलीत घातली की घर कसं धुराने भरतं? फुंकणीजवळ डोळे चुरचुरतात, पण थोड्या वेळात पलीकडच्या खोलीतही धूर जातो. दार-खिडकी समोरासमोर उघडी असली तर निघून जातो, बंद असली तर चूल विझल्यावरही कितीतरी वेळ रेंगाळतो. आजारी माणसाचा श्वास हा असा न दिसणारा धूर समजा. खोकला-शिंकेचे मोठे थेंब दोन हातांवर खाली पडतात, पण बोलताना, हसताना, भजन म्हणताना निघणारे बारीक कण हवेत तरंगत राहतात. आम्हाला सुरुवातीला शिकवलं होतं ते फक्त मोठ्या थेंबांचं, म्हणून ‘सहा फूट अंतर’ हा मंत्र झाला. हवेतून पसरतं हे मोठ्या संस्थांनी मोकळेपणाने मान्य करायला २०२१ उजाडलं. त्यामुळे कुठल्याही जागेबद्दल मनाला एवढंच विचारा: इथे कोणी बिडी ओढली तर मला वास येईल का, आणि किती वेळ?

या प्रश्नाने तुमचा दिवस तपासून बघा. वावरात निंदण करताना १५ बाया ओळीने बसल्या आहेत, मध्ये दोन-तीन हात अंतर, वर उघडं आभाळ. वास येणार नाही. तिथे मास्क लावून घामाने गुदमरायची गरज नाही. पण त्याच १५ बाया मॅजिकमध्ये गुडघ्याला गुडघा लावून बसतात, पाऊस आला की ड्रायव्हर बाजूची ताडपत्री सोडतो आणि २५ मिनिटं गप्पा चालतात. तुमच्या अख्ख्या दिवसातली सगळ्यात जोखमीची जागा ती आहे. साथ असेल तेव्हा गाडीत चढताना मास्क लावा, उतरल्यावर काढा. ताडपत्री निदान मागून वर बांधून ठेवायला सांगा. पाठ थोडी भिजेल, भिजू द्या. जिला ताप-खोकला आहे तिने त्या दिवशी येऊ नये. आता हे लिहायला सोपं, कारण रोज बुडाला तर तिच्या घरी तेल कोण आणणार? आमच्या एका आशाताईने यावर छान उपाय काढला होता. टोळीतल्या बायांनी ठरवलं, आजारी बाईच्या वाट्याच्या ओळी तीन दिवस बाकीच्या ओढतील आणि मजुरी तिला मिळेल. कोणाचा जीआर नव्हता, पण सगळ्या गावांतल्या माझ्या सूचनांपेक्षा त्या टोळीत तो जास्त चालला.

मास्कचं म्हणाल तर शेला किंवा ओढणी तोंडाला बांधल्याने धूळ अडते, बारीक कण फारसे नाही. एन-९५ चेहऱ्याला चिकटून बसला तर उत्तम. तो धुवायचा नाही, दोन-तीन असतील तर आलटून पालटून वापरायचे आणि मधल्या दिवसांत कागदी पाकिटात वाळू द्यायचे. तो नसेल तर साधा तीन पदरी सर्जिकल मास्क, पण नाकावरची पट्टी दाबून. हनुवटीवरचा मास्क हा आपल्याकडचा खास प्रकार, आणि त्याचं कारण भीती नव्हे, खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. पानठेल्यावर एक पन्नी घोटायची, चौघांनी त्याच पन्नीत बोटं घालायची, मास्क खाली, दर दोन मिनिटांनी पिचकारी. मी शंभर भाषणं दिली असतील. मास्क लावा म्हटलं तर लोक लावायचे, खर्रा सोडा म्हटलं की हसायचे. मिस्टर खात असतील तर सोडा असं मी आज सांगत नाही, त्याची लढाई वेगळी आहे. निदान आपली पन्नी आपल्यापुरती ठेवू द्या.

बाजार उघड्यावर असतो, त्यात फार जीव घाबरा करू नका. आपल्या भागात खरं पसरलं ते घराघरांतून, लग्नाच्या मांडवांतून आणि तेरवीतून. अमरावतीकडे दुसरी लाट राज्यात सगळ्यात आधी दिसली आणि २२ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे पुन्हा टाळेबंदी लागली, तेव्हा इकडे लग्नसराई होती. एप्रिलमध्ये तर एकाच घरच्या तेरवीला आलेली माणसं दहा दिवसांनी माझ्या ओपीडीत एकामागे एक बसलेली मी पाहिली आहेत. माणूस गेल्यावर भेटायला जाऊ नका असं कोणी सांगितलं तर ते ऐकण्यासारखं नाही, मलाही ते कधी जमलं नाही. जा, पण अंगणात बसा, घरात दाटीने नको. पंगत समाजमंदिराच्या बंद हॉलऐवजी बाहेर मांडायला सांगा. सासूबाईंनी तेरवीला न जाता आठ दिवसांनी दुपारी निवांत भेटून आलं तर त्या घरालाही बरं वाटतं.

“आपल्या ४५ डिग्रीत कोरोना जगतच नाही” हेही तेव्हा खूप फिरलं. उन्हात पडलेल्या वस्तूवरचा विषाणू मरतो, हे खरं. पण ४५ डिग्रीत माणूस उन्हात बसतो का? तो खोलीत कोंडून घेतो. एप्रिल-मे २०२१ सारखा काळ विदर्भाने पाहिला नाही, आणि तो ऐन उन्हाळा होता. कूलरची गोष्ट मात्र वेगळी. खिडकीत बाहेरून बसवलेला कूलर ताजी हवा आत ढकलतो, फक्त समोरचं दार किंवा खिडकी उघडी हवी, म्हणजे आतली हवा बाहेर पडेल. तोच कूलर खोलीच्या मधोमध ठेवून दारं लावली तर घरातलीच हवा गोल गोल फिरते. उन्हाळ्यात हे ध्यानात ठेवा.

दोन खोल्यांत आजारी माणूस वेगळा कसा ठेवायचा, हा तुमचा खरा प्रश्न. टीव्हीवरचे डॉक्टर ‘स्वतंत्र खोली, स्वतंत्र संडास’ म्हणायचे तेव्हा मला हसू यायचं. तुमच्याकडे पडवी आहे, ही मोठी सोय आहे. पूर्वी प्लेग आला की लोक गाव सोडून वावरात झोपड्या टाकून राहत. तिथे कारण उंदरांचं होतं, पण मोकळ्यावर राहायची आपली जुनी रीत या आजाराला जास्तच लागू पडते. ताप-खोकला आलेल्याची खाट पडवीत टाका, झडीचं पाणी येत असेल त्याच बाजूला ताडपत्री बांधा, बाकी बाजू उघड्या राहू द्या आणि मच्छरदाणी लावा. सासू-सासऱ्यांना आतली, समोरासमोर हवा जाणारी खोली द्या. सेवेला एकच माणूस, तरुण आणि धडधाकट. जवळ जाताना दोघांनी मास्क लावायचा. भांडी साध्या साबणाने घासली की झालं, ताट वेगळं काढून ठेवायची गरज नाही. संडास एकच असेल तर आजाऱ्याने शेवटी जावं आणि नंतर दार थोडा वेळ उघडं ठेवावं. हे ढोबळमानाने आठ-दहा दिवस. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला देऊ शकतो, तेव्हा सगळं करूनही घरात आणखी कोणाला झालं तर त्यात तुमची चूक शोधत बसू नका.

एक गोष्ट बायकांशीच बोलता येते म्हणून लिहिते. गडी आजारी पडला की त्याला खाट मिळते, हातात पाणी मिळतं. बाई आजारी पडली की ती मास्क लावून भाकरी थापते. २०२१ मध्ये मी घरोघर हेच पाहिलं. शिवाय बाईला पडवीत झोपवलं तर शेजारीण विचारते, “काहून वं, बाहेर बसली का?” तो अर्थ निघू नये म्हणून कित्येकींनी ताप लपवला. तुम्हाला ताप आला तर स्वयंपाक करायचा नाही. अन्नातून लागण होईल म्हणून नव्हे, तुम्हाला आराम हवा म्हणून आणि बंद स्वयंपाकघरात सासूबाई तुमच्या शेजारी लसूण सोलत बसतात म्हणून. मिस्टरांना खिचडी येत नसेल तर आत्ताच शिकवून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दिवस मोजणं. ज्या दिवशी पहिल्यांदा अंग दुखलं किंवा ताप आला ती तारीख भिंतीवर कोळशाने लिहा. या आजाराची खोड अशी की पहिले चार-पाच दिवस तो साध्या तापासारखा वागतो. ज्याला बिघडायचं त्याचं बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसात बिघडतं, आणि कधी कधी माणसाला धाप न लागताच रक्तातला ऑक्सिजन उतरलेला असतो. गप्पा मारत, गाडीवर मागे बसून आलेला माणूस आणि मशीनवर आकडा ७८, हे मी पाहिलंय. म्हणून ऑक्सिमीटर. घरी नसला तर आशाताईकडे विचारा. लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, हात धुऊन कोमट करायचा, बोटावर मेंदी किंवा नेलपॉलिश नको, आणि आकडा स्थिर होईपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबायचं. निंदणाने बोटं खरबरीत झाली असतील तर दुसऱ्या बोटावर लावून बघा. ९५ किंवा वर असेल तर ठीक. मग घरातल्या घरात सहा मिनिटं चालायला लावून पुन्हा बघा. ९४ च्या खाली गेलं किंवा तीन अंकांनी उतरलं तर त्याच दिवशी दवाखाना. बसल्या जागी ९० ते ९३ असेल तर वाट पाहायची नाही, ९० च्या खाली तर १०८ ला फोन आणि गाडी येईपर्यंत पालथं झोपवायचं. सावळ्या कातडीवर हे मशीन थोडं जास्त दाखवू शकतं, तेव्हा आकडा चांगला पण माणूस वाईट दिसत असेल तर माणसावर विश्वास ठेवा. बोलताना वाक्य तुटणं, बरळणं, ओठ निळसर होणं, छातीत दाब, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर आकडा बघत बसू नका. तुमच्या सासऱ्यांना दमा आहे, त्यांची धाप नेहमीची की नवी हे घरच्यालाच कळतं. त्यांचा आत्ता बरं असतानाचा आकडा आजच लिहून ठेवा. आणि त्यांचा दम्याचा पंप कोणत्याही साथीत बंद करायचा नाही.

दवाखान्यात उशीर का होतो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. पैसा आणि गाडी हे कारण असतंच, पण २०२१ मध्ये त्याहून मोठं कारण लाज होतं. घरासमोर बल्ल्या ठोकायच्या, सायरन वाजवत गाडी यायची, अख्खं गाव पाहायचं, आणि गेलेला माणूस प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, तोही दुरूनच. कोण सांगेल मग ताप आहे म्हणून? त्यापेक्षा बरा शब्द मिळाला, टायफाइड. जवळच्या गावात सलाइन लावणारे होतेच. विडालची तपासणी केली की आपल्या भागात कित्येकांची पॉझिटिव्ह येते, आधी कधी झालेल्या टायफाइडमुळेही. “मॅडम, टायफाइड निघाला, कोरोना नाही ना बापा!” असं आनंदाने सांगणारा एक ४० वर्षांचा गडी सहा दिवस सलाइन घेऊन सातव्या दिवशी माझ्याकडे आला, ७२ वर. त्याला नागपूरपर्यंत नेला. तो वाचला नाही. त्याची बायको पुढे मला म्हणाली, “तुमची गाडी भोंगा वाजवत आली नसती तं आमी आधी आलो असतो.” त्यानंतर मी ड्रायव्हरला सांगितलं, सायरन बंद, गाडी पारापाशी उभी करायची, माणसं चालत येतील. तेवढ्यानेही फरक पडला. तुमच्या गावात पुन्हा साथ आली तर सरपंचांना आणि आशाताईला हे नक्की सांगा.

पावसाळ्यातला ताप कोरोनाच असेल असंही धरू नका. मलेरिया असू शकतो, डेंगी असू शकतो, किंवा गवतात काम करणाऱ्यांना होणारा स्क्रब टायफस. २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसची मोठी साथ होती. त्यासाठी बगलेत, जांघेत, कमरेशी काळी खपली दिसते का ते पाहा आणि डॉक्टरांना दाखवा, वेळेवर ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो. घरात कोणी सिकलसेलचं (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर कोणताही ताप त्याच दिवशी दवाखान्यात. आणि दोन आठवड्यांवर खोकला असेल तर बेडका तपासा, फुकट होतो. कोरोनाच्या धांदलीत आपण टीबी विसरलो. देशात २०१९ मध्ये २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. रोग कमी झाला नव्हता, आमचं लक्ष कमी झालं होतं.

घरगुती उपायांवर भांडण नको. आलं-तुळशीचा चहा घसा शेकतो, प्या. मिरी-दालचिनीचा कडक काढा दिवसातून चारदा घेऊन पोटात आग पडलेली माणसं मी पाहिली आहेत. वाफेने नाक मोकळं होतं, विषाणू मरत नाही, आणि पातेलं पोराच्या मांडीवर सांडलं तर साथीपेक्षा मोठं संकट. सॅनिटायझर उंच ठेवा. एप्रिल २०२१ मध्ये दारू मिळेना म्हणून वणीत ते पिऊन सात जण मेले. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, ताक, पेज. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही.

आणि स्टेरॉइड. याच्यावर मी थांबून सांगते, कारण तुमच्या सासूबाईंना शुगर आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांचे जीव वाचवतं. पण ज्यांना ऑक्सिजन लागलेला नाही त्यांना त्याचा फायदा दिसला नाही, उलट अपायाचीच शंका राहिली. गोळी स्वस्त, घेतली की ताप उतरतो, भूक लागते, म्हणून ती पहिल्याच दिवशी वाटली गेली. शुगरवाल्यांची साखर चारशेवर गेली, आणि मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीने डोळे आणि जबडे काढावे लागलेली माणसं घरी परतली. तापाच्या पहिल्या दिवसांत कोणी पांढऱ्या बारीक गोळ्यांची पुडी दिली तर नाव विचारा, कागदावर लिहून मागा. सासूबाईंना कोणीही स्टेरॉइड देणार असेल तर “शुगर आहे” हे वाक्य तुम्हीच बोलायचं, त्या बोलणार नाहीत.

लसीबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंय की तेव्हा घेतलेल्या लसीने आता अटॅक येतात का. रक्ताच्या गुठळीचा जो फार क्वचित दिसलेला त्रास होता, तो डोस घेतल्यावर काही आठवड्यांत दिसायचा, वर्षांनी नाही. तरुणांच्या अचानक मृत्यूंवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) ४७ रुग्णालयांत अभ्यास केला, त्यात लसीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. घराण्यात कोणी असं अचानक गेलेलं असणं, कोरोनाने दवाखान्यात भरती झालेलं असणं, एकदम जास्त दारू पिणं, झेपेल त्यापलीकडे अचानक कष्ट करणं, ही कारणं पुढे आली. आताच्या विषाणूबद्दल एवढं म्हणता येतं की ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपली आणि बहुतेकांच्या अंगात लस आणि आधीची लागण यांची मिळून ताकद आहे. म्हाताऱ्या, शुगर-किडनीच्या माणसांना मात्र अजूनही जपायला हवं.

झोपेचं राहिलं. घरातला माणूस गेला, त्याचं तोंडही नीट पाहता आलं नाही, तेरवीला चार माणसं. अशा घरात बातमी ऐकून छाती धडधडते यात नवल काय? चुलत सासऱ्यांची आठवण घरात काढली जाते का? काढा. व्हॉट्सअॅपवरचे व्हिडिओ संध्याकाळी सातनंतर नको, बातम्या दिवसातून एकदा. तरीही महिनाभर झोप लागत नसेल, हात सारखे धुतल्याशिवाय चैन पडत नसेल तर १४४१६ या मानसिक आरोग्याच्या नंबरवर फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. वेड्यांचा फोन नाही तो.

सासूबाईंची शुगर शेवटची कधी तपासली ते तुम्ही लिहिलं नाही. या मंगळवारी त्यांना रिकाम्या पोटी केंद्रात घेऊन जा, सकाळच्या पहिल्या गाडीने, म्हणजे मॅजिकमध्ये गर्दी कमी असेल. सोबत भाकरी बांधून घ्या, रक्त दिल्यावर त्यांना तिथेच खाऊ घाला.